घरच्या गॅरेजमधली रोडस्टर: कामाचा क्रम चुकल्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण दक्षिण कॅलिफोर्नियातील एका उपनगरात, दोन मोटारी जेमतेम मावतील अशा घरच्या गॅरेजमध्ये, नोव्हेंबर २०१६ ते मे २०२१ या काळात घडले. गाडी बांधणारे गृहस्थ, म्हणजे आमचे मित्र, मूळचे कोल्हापूरचे. त्यांच्या वडिलांचे शिवाजी उद्यमनगरात लेथचे लहानसे वर्कशॉप होते आणि शाळेच्या सुट्ट्यांमध्ये तेथे बसून बोल्टला आटे पाडणे, कापलेल्या भागांवर खडूने खुणा करणे, अशी कामे त्यांनी केलेली होती. पुढे ते संगणकाच्या क्षेत्रात गेले, अमेरिकेत स्थायिक झाले आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर हाताला पुन्हा लोखंड लागावे असे त्यांना वाटू लागले. मी या कामात अगदी पहिल्या शनिवारपासून होतो, बहुतेक वेळा दुसरे टोक धरून उभा राहणारा म्हणून. माझा पेशा पंप आणि मोटारी यांची कंपने मोजण्याचा आहे, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते आणि मला थोडी लाजिरवाणीही आहे. ओळख पटेल असे तपशील येथे गाळले आहेत.

हॉट रॉड हा प्रकार ज्या मातीत जन्मला त्याच मातीत ही गाडी बांधली गेली, म्हणून दोन शब्द त्याबद्दल. १९३० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुण मंडळी जुन्या फोर्ड गाड्या स्वस्तात घेत, त्यांचे अनावश्यक वजन उतरवत, इंजिन सुधारत आणि मुरॉक, एल मिराज अशा कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट पात्रांवर वेग मोजायला जात. या शर्यतींना शिस्त लावण्यासाठी १९३७ साली सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन झाली. मुरॉकचे तळे आज एडवर्ड्स हवाई तळाच्या हद्दीत गेले आहे. एल मिराजवर अजूनही गाड्या धावतात. या मंडळींची सर्वांत लाडकी गाडी म्हणजे १९३२ ची फोर्ड रोडस्टर. दोन आसने, घडीचे कापडी छत, दारांना वर-खाली होणाऱ्या काचा नाहीत, त्यामुळे वजन कमी. त्याच वर्षी फोर्डने सामान्य माणसाच्या गाडीत २२१ घन इंचांचे, ६५ अश्वशक्तीचे आठ सिलिंडरचे इंजिन बसवले होते. सालातल्या शेवटच्या दोनवरून या गाडीला अजूनही 'ड्यूस' म्हणतात.

आमच्या मित्रांना हवी होती ती ड्यूसच. ती विकत घ्यायची नव्हती, बांधायची होती.

अडचण कोणती होती

वरवर पाहता अडचण पैशाची, जागेची आणि वेळेची होती. दोन वर्षांत काम उरकेल असा अंदाज होता, साडेचार लागली. खर्च मूळ अंदाजाच्या दीडपटीच्या पुढे गेला. वहिनींची गाडी चार वर्षे उन्हात उभी राहिली, आणि तिच्या टपाचा रंग उडाला तो खर्च कोणत्याच वहीत लिहिलेला नाही. पण प्रकरणाकडे आता मागे वळून पाहताना माझे मत असे झाले आहे की यातील एकही मोठे नुकसान चुकीचा भाग घेतल्यामुळे किंवा काम न जमल्यामुळे झाले नाही. योग्य निर्णय चुकीच्या वेळी घेतल्यामुळे ते झाले. कारखान्यात क्रम दुसऱ्या कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेला असतो. घरच्या गॅरेजमध्ये तो ठरवणारा, मोडणारा आणि मोडल्याची किंमत भरणारा माणूस एकच असतो.

समोरचे पर्याय

पहिला निर्णय बॉडीचा. १९३२ ची अस्सल पत्र्याची बॉडी मिळते, पण ती दुर्मीळ, महाग आणि बहुधा खालून गंजलेली असते. नव्याने ठोकलेल्या पत्र्याच्या तंतोतंत बॉड्या ओहायोमध्ये बनतात. त्या उत्तम, पण अंदाजपत्रकाच्या बाहेर होत्या. तिसरा पर्याय फायबरचा. जाणकार मंडळी फायबरला नाके मुरडतात, परंतु गंज नाही, वजन कमी आणि किंमत आवाक्यातली, म्हणून फायबर ठरले. या निवडीचा एक परिणाम आम्हाला फार उशिरा उमगला. पत्र्याच्या गाडीत बॉडी हीच बॅटरीच्या ऋण टोकाची वाट असते, त्यामुळे दिव्याला एकच तार ओढली तरी भागते. फायबरमधून वीज जात नाही. दिवा, भोंगा, पेट्रोलच्या टाकीचा काटा, प्रत्येकाला चासीपर्यंत स्वतंत्र अर्थिंगची तार लागते. आम्ही मागच्या दोन दिव्यांना मिळून एक बारीक तार दिली होती. डाव्या वळणाचा इशारा दिला की ब्रेकचा दिवाही मंदपणे लुकलुकायचा, आणि काही दिवस आम्ही दोघे बटणालाच दोष देत बसलो.

दुसरा निर्णय इंजिनाचा. जुन्या चपट्या माथ्याच्या फोर्ड इंजिनाचा आवाज आणि रूप काही वेगळेच, पण ते तापते आणि त्याचे सुटे भाग जपून वापरावे लागतात. फोर्डचेच नंतरचे ३०२ घन इंचांचे इंजिन आकाराने आटोपशीर, आणि फोर्डच्या गाडीत फोर्डचेच इंजिन ही भावनाही होती. मात्र मोटारींमधून निघणाऱ्या त्या इंजिनाच्या ऑइल चेंबरचा खोलगट भाग पुढच्या बाजूला असतो आणि तो या चासीच्या पुढच्या आडव्या पट्टीवर आदळतो, त्यामुळे चेंबर बदलावा लागतो. शेव्हरलेच्या ३५० घन इंचांच्या इंजिनाचा चेंबर मागे खोल असतो, म्हणून ते सहज बसते. त्याचा डिस्ट्रिब्युटर मात्र अगदी मागे, केबिनच्या भिंतीला चिकटून येतो आणि झाकण काढताना बोटांची सालटी निघतात. फोर्डमध्ये शेव्हरले बसवणे हा काहींच्या दृष्टीने अधर्म आहे. पण १९५५ साली शेव्हरलेचे या घराण्यातले पहिले इंजिन आले तेव्हापासून तो अधर्म इतक्या जणांनी केला आहे की आता तीच परंपरा म्हणावी लागेल. आमच्या मित्रांनी ३५० घेतले. मला हा निर्णय आजही बरोबर वाटतो.

मडगार्ड ठेवायचे की नाहीत, यावर दोन शनिवार चर्चा झाली. उघड्या चाकांची रोडस्टर अधिक देखणी दिसते यात वाद नाही. परंतु कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यात मडगार्डची अट आहे आणि कित्येक जण ती पाळत नाहीत म्हणून ती रद्द होत नाही. मडगार्ड ठेवले.

कागदाचा निर्णय

सर्वांत कठीण निर्णय लोखंडाचा नव्हता. २०१७ च्या उन्हाळ्यात, सुट्या भागांच्या एका बाजारात, एका विक्रेत्याने १९३२ च्या फोर्डची जुनी मालकीची कागदपत्रे विकायला काढली होती. गाडी केव्हाच भंगारात गेलेली, कागद मात्र शाबूत. त्यावरचा क्रमांक नव्या चासीवर ठोकायचा आणि गाडी 'जुनीच आहे' म्हणून नोंदवायची, अशी ती युक्ती. तसे केले तर एका दिवसात नोंदणी आणि धूरतपासणीचा प्रश्नच नाही, कारण १९७५ पर्यंतच्या गाड्यांना कॅलिफोर्नियात ती माफ आहे.

दुसरा मार्ग सरळ पण लांबचा. २००१ साली मंजूर झालेल्या तरतुदीनुसार कॅलिफोर्निया दरवर्षी ५०० खास बांधलेल्या गाड्यांना अशी सवलत देते की धूरतपासणीसाठी त्यांचे साल बॉडी ज्या गाडीसारखी दिसते त्यावरून धरले जाते. म्हणजे आमच्या गाडीला सन २०१७ च्या नव्हे तर १९३२ च्या गाडीचे नियम लागू झाले असते, तेही उजळ माथ्याने. त्यासाठी वर्षाच्या सुरुवातीलाच अर्ज करून पाचशेच्या आत क्रमांक मिळवायचा, दिवे आणि ब्रेक तपासून घ्यायचे, हायवे पेट्रोलकडून गाडीची व भागांची पडताळणी करून घ्यायची आणि धूरतपासणीच्या पंचाकडून साल ठरवून घ्यायचे. प्रत्येक ठिकाणी विचारतात की हे इंजिन, ही चासी, ही बॉडी कोठून आणली, पावत्या दाखवा.

आमच्या मित्रांचे मन पहिल्या मार्गाकडे झुकले होते आणि खरे सांगायचे तर मीही गप्प होतो. वहिनी हिशेबतपासनीस आहेत. त्यांनी तो कागद हातात घेऊन वाचला आणि म्हणाल्या, "अहो, गाडी आत्ता जन्माला येतेय आणि जन्मदाखला दुसऱ्याचा? उद्या अपघात झाला तर विमावाल्याला काय सांगणार आहात?" विषय तेथेच संपला. मेलेल्या गाडीचा क्रमांक दुसऱ्या चासीवर ठोकणे हा गुन्हा आहे, हे आम्हाला ठाऊक नव्हते असे नाही. 'सगळेच करतात' या वाक्याने ते झाकले गेले होते. त्या दिवसापासून वहिनींनी एक फाइल केली आणि नट-बोल्टच्या पुडीपासून इंजिनापर्यंत प्रत्येक पावती तारखेनुसार लावायला सुरुवात केली. चासी नव्या घडणीची घेतली होती, तिचे उत्पादकाचे प्रमाणपत्र त्या फाइलच्या पहिल्या पानावर गेले.

प्रत्यक्ष काम आणि जून २०१८ चा निर्णय

सुरुवात शिस्तीने झाली. शेजारी एक निवृत्त वेल्डर राहतात. उभे आयुष्य त्यांनी पाइपलाइनच्या कामावर घालवले. आमच्या मित्रांनी वेल्डिंगचा वर्ग केला होता, तरीही आपण फक्त टॅक, म्हणजे तात्पुरते ठिपके, मारायचे आणि जिच्यावर जीव अवलंबून आहे अशी प्रत्येक जोडणी, म्हणजे स्टिअरिंग, सस्पेन्शन, इंजिनाचे पाय, शेजारच्या आजोबांनी पूर्ण करायची, असे पहिल्याच महिन्यात ठरले. साऱ्या प्रकरणातला हा सर्वांत शहाणा निर्णय, आणि तो वेळेवरही झाला.

चासी घोड्यांवर, म्हणजे उंच स्टँडवर, ठेवली ती मुद्दाम पुढून थोडी खाली, कारण हॉट रॉडची ठेवण तशीच असते: पुढे लहान टायर, मागे मोठे, आणि गाडी किंचित नाकावर झुकलेली. हा उतार अडीच अंशांचा होता. त्या स्थितीत इंजिन असे बसवले की त्याचा क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, मागच्या बाजूला तीन अंश खाली जाईल, आणि मागच्या हाऊसिंगचे, म्हणजे मागच्या चाकांमधल्या गिअरपेटीचे, तोंड तीन अंश वर पाहील. दोन्ही कोन जमिनीच्या संदर्भाने मोजले. वहीत तशी नोंद आहे, आणि ती अचूक आहे.

मे २०१८ पर्यंत चासीवर चाके आली, इंजिन आले, बॉडी एकदा ठेवून पाहिली. आता दोन मार्ग होते. एक असा की गाडी कोरीच, बिनरंगाची, पूर्ण जोडायची. स्टिअरिंगचा दांडा, एक्झॉस्टचे पाइप, ब्रेकच्या नळ्या, तारा, सगळे काही. घराच्या वाटेवर ती चालवून पाहायची आणि मग पुन्हा सुटी करून रंगवायची. अनुभवी लोक हेच सांगतात. दुसरा मार्ग असा की चासी आताच सुटी करून पावडर कोटिंगला, म्हणजे भट्टीत भाजून चढवायच्या रंगाला, पाठवायची आणि पुढची जोडणी रंगवलेल्या चासीवर करायची. त्यात एकदा जोडून पुन्हा सोडण्याचे तीन-चार महिने वाचतात असे दिसत होते.

जूनमध्ये चासी कोटिंगला गेली. कारणे मी वहीतून उतरवून देतो, कारण ती कोणालाही पटण्यासारखी आहेत. समुद्रावरून येणाऱ्या सकाळच्या धुक्याने उघड्या लोखंडावर तांबूस पापुद्रा धरत होता. कोटिंगवाल्याच्या भट्टीत त्या आठवड्यात जागा होती. आणि मुलगा ऑगस्टमध्ये कॉलेजसाठी घर सोडणार होता. त्याने जाण्यापूर्वी काहीतरी चकचकीत, पूर्ण झालेले पाहावे, अशी बापाची इच्छा होती. हे तिसरे कारण वहीत नाही. ते मला त्यांच्या बोलण्यातून कळले, आणि माझ्या मते निर्णय त्यानेच केला. मुलाने काळी कुळकुळीत चासी पाहिली, तिच्यावर हात फिरवला, छायाचित्र काढले आणि गेला.

सप्टेंबरात स्टिअरिंगचा दांडा बसवायला घेतला तेव्हा कळले की डाव्या बाजूचा एक्झॉस्टचा फाटा नेमका त्याच्या वाटेत येतो. दोघांमध्ये बोटभरही फट नव्हती. फाटा बदलून पाहिला, दांड्याला आणखी एक सांधा घालून पाहिला. अखेरीस इंजिन पाऊण इंच उजवीकडे सरकवणे हाच उपाय ठरला, आणि हॉट रॉडच्या जगात तो नवा नाही. पण त्यासाठी इंजिनाचे दोन्ही पाय चासीवरून कापायचे, कोटिंग खरवडायचे, पाय पुन्हा वेल्ड करायचे. आजोबांनी ते केले. कोटिंग वितभर अंतरापर्यंत करपले. तेथे आम्ही डब्यातला काळा रंग लावला आहे आणि त्याची चकाकी अजून वेगळी दिसते.

येथेच दुसरी, न दिसलेली चूक झाली. पाय पुन्हा बसवताना चासी रंगवलेली होती, तिला ओरखडे नकोत म्हणून ती जमिनीवरच्या लाकडी ठोकळ्यांवर सपाट ठेवली होती. आम्ही इंजिन पुन्हा तीन अंशांवर लावले. कोनमापक तोच, आकडा तोच, चासी मात्र या वेळी समपातळीत. वहीत फक्त 'इंजिन ३ अंश, ठीक' एवढेच लिहिले गेले.

ब्रेक आणि नोंदणी

नोव्हेंबर २०१९ मध्ये गाडी राखाडी प्रायमरमध्ये स्वतःच्या बळावर घराच्या वाटेवर उतरली. ब्रेकचे पेडल पहिल्या दाबाला जवळजवळ तळाशी जायचे, दुसऱ्या दाबाला घट्ट व्हायचे. हवा राहिली असेल म्हणून तीनदा हवा काढली. खरे कारण गाडीच्या रचनेत होते. अशा रोडस्टरमध्ये मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलने ब्रेकचे तेल ढकलणारा पंप, पायाखाली, चासीला लटकवलेला असतो. म्हणजे तो चाकांच्या ब्रेकपेक्षा खाली येतो आणि तेल उतारावरून हळूहळू मागे परतते. त्यासाठी नळीत थोडा दाब धरून ठेवणारी झडप घालतात, पुढच्या डिस्कला दोन पौंडांची आणि मागच्या ड्रमला दहा पौंडांची. दोन्ही घातल्या, पेडल जागेवर आले. येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. दहाची झडप डिस्कच्या नळीत गेली तर ब्रेक सतत घासत राहतो, आणि पेडलवरून ते कळत नाही. चाक तापल्यावरच कळते.

जानेवारी २०२० मध्ये पाचशेच्या आतला क्रमांक मिळाला. मार्चमध्ये महामारीमुळे मोटार विभागाची कार्यालये बंद झाली आणि काम काही महिने लटकले. बाकी नोंदणी निर्विघ्न पार पडली आणि त्याचे श्रेय निर्विवादपणे वहिनींच्या फाइलला आहे. गिअरबॉक्सची पावती मागितल्यावर तिसऱ्या मिनिटाला ती टेबलावर होती. ऑक्टोबरात नंबराची पाटी हातात पडली.

थरथर

पाटी लागल्यावर पहिल्यांदाच गाडी महामार्गावर गेली. ताशी ५० मैलांपर्यंत सारे उत्तम. ५५ च्या पुढे आसनाखालून एक बारीक, दाट थरथर सुरू झाली आणि ६० ला आरशातली मागची गाडी दोन-दोन दिसू लागली.

पुढचे सहा आठवडे ज्या क्रमाने गेले तो नोंदवण्यासारखा आहे. आधी चाकांचे संतुलन केले. मग मागचे दोन्ही टायर बदलले. मग प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा, काढून संतुलनाला दिला आणि तो ठीकच असल्याचा निरोप आला. तरी दुसऱ्या ठिकाणी पुन्हा दिला. प्रत्येक वेळी पैसे गेले, थरथर तशीच. गाडी ६० वर असताना न्यूट्रल केली तरी ती कमी होत नव्हती, म्हणजे इंजिनाचा दोष नाही एवढे नक्की झाले होते. हा सगळा माझ्या रोजच्या कामातला प्रश्न. रोज मी पंपाजवळ उभा राहून हेच करतो, आणि तरी कार्यालयातला कंपनमापक शनिवारी बरोबर न्यावा हे मला सहा आठवडे सुचले नाही. छंदात माणूस आपले ज्ञान बहुधा दाराबाहेर काढून ठेवतो.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी तो नेला. ताशी ६० मैलांना कंपनाचे शिखर सेकंदाला ८४ वेळा, असे आले. हिशेब सोपा होता. टायरचा व्यास २८ इंच आणि मागचे गुणोत्तर साडेतीन, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे साडेतीन, धरले तर या वेगाला चाक सेकंदाला १२ फेरे घेते आणि शाफ्ट ४२. दोष टायरचा असता तर १२ दिसले असते, शाफ्टच्या संतुलनाचा असता तर ४२. आले ते शाफ्टच्या बरोबर दुप्पट. शाफ्टच्या टोकांचे क्रॉस, म्हणजे वळणारे सांधे, कोनात फिरताना प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग कमी-जास्त करतात; दोन्ही टोकांचे कोन सारखे असले तर एकाचा चढ-उतार दुसरा खाऊन टाकतो, नसले तर तो गाडीभर पसरतो.

गॅरेजमध्ये परत आलो. शेजारच्या आजोबांना काही सांगण्याआधीच त्यांनी कार्ब्युरेटरवरचे एअर फिल्टर काढून त्याच्या कडेवर लेव्हल ठेवली. बुडबुडा मागच्या टोकाला जाऊन बसला. कार्ब्युरेटर नाकावर झुकलेला होता. या ठेवणीत तो सपाट असायला हवा. मग वही काढली. २०१७ ची नोंद: 'घोड्यांवर, पुढून अडीच खाली, इंजिन ३, हाऊसिंग ३.' २०१८ ची नोंद: 'इंजिन ३ अंश, ठीक.' पान उलटून आमचे मित्र बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "आमच्या अण्णांनी या नोंदीवर कान पिळला असता. माप कशावर ठेवून घेतलं ते लिहिलंच नाहीये."

सपाट चासीवर तीन अंश खाली गेलेला क्रँक, गाडी अडीच अंश पुढे झुकल्यावर जेमतेम अर्धा अंश खाली राहिला होता. मागचे हाऊसिंग मात्र जुन्याच तीन अंशांवर वर पाहत होते. फरक अडीच अंशांचा.

येथे पुन्हा दोन पर्याय होते. इंजिनाचे पाय परत कापून मूळ कोन आणायचा, किंवा हाऊसिंगचे तोंड अडीच अंश खाली आणून ते इंजिनाशी जुळवून घ्यायचे. पहिला शास्त्रशुद्ध, दुसरा स्वस्त. मागच्या सस्पेन्शनच्या वरच्या आणि खालच्या दांड्यांमध्ये सहा इंचांचे अंतर आहे. वरच्या दांड्या पाव इंच आखूड केल्या की अडीच अंश मिळतात. दांडीला इंचाला सोळा आटे. म्हणजे चार फेरे. आमच्या मित्रांनी दोन्ही दांड्यांवर पांढऱ्या खडूने उभी रेघ ओढली, बोल्ट काढला, मोजून चार फेरे आत घेतले, चेकनट आवळला. पाऊण तास लागला. त्याच संध्याकाळी ६५ ला आरशात एकच गाडी दिसली.

निष्पत्ती

गाडीला रंग २०२१ च्या वसंतात दिला आणि मे महिन्यात ती पूर्ण झाली असे आम्ही धरले. महिन्यातून दोन-तीनदा ती बाहेर निघते. गर्दीत अडकली की तापते, कारण १९३२ च्या जाळीमागे मावणारा रेडिएटर या इंजिनाला तोकडा आहे. पंख्याभोवती बंदिस्त आवरण घातल्यावर फरक पडला, पण ऑगस्टच्या दुपारी ती अजूनही काढत नाहीत. कार्ब्युरेटर अजून झुकलेलाच आहे. त्याच्याखाली घालायची उताराची पट्टी आणून ठेवलेली आहे.

वेगळे काय करता आले असते

पावडर कोटिंगचा निर्णय उलटा फिरवता आला असता तर सर्वाधिक वाचले असते, याबद्दल आम्हा दोघांत दुमत नाही. चासी कोरी असती तर इंजिनाचे पाय घोड्यांवरच, त्याच उतारात बदलले गेले असते, कारण ओरखड्यांची भीतीच नसती. म्हणजे थरथरीचे मूळ वेल्डिंगमध्ये नाही, मोजमापातही नाही. ते जूनमधल्या काळ्या रंगात आहे. लोखंडावरच्या तांबूस पापुद्र्यासाठी तेलाचा बोळा पुरला असता.

मात्र मुलाच्या जाण्याचे कारण मला चूक म्हणवत नाही. घरच्या कामात अशी कारणे असणारच. त्याला दाखवायला मडगार्ड किंवा इंजिनावरची झाकणे रंगवता आली असती, पुढची कोणतीही जोडणी ज्यांच्यावर अवलंबून नाही असे भाग. हे त्या वेळी कोणी सुचवले असते तर बहुधा पटले असते. सुचवण्याचे काम माझे होते.

दुसरे म्हणजे नोंदीचे. कोन लिहिताना तो जमिनीच्या संदर्भाने की चासीच्या, आणि चासी त्या वेळी कशी होती, हे तीन शब्द अधिक लिहिले असते तर दोन टायर आणि शाफ्टचे दोन संतुलन वाचले असते. आता गॅरेजमध्ये चासीच्या डाव्या पट्टीवर एक जागा ठरवून ठेवली आहे. आधी कोनमापक तेथे ठेवून तो आकडा लिहायचा, मग बाकीचे माप.

तिसऱ्या मुद्द्यावर आमचे अजून जुळलेले नाही. थरथर शोधताना आधी स्वस्त आणि नेहमीची कारणे तपासणे बरोबरच होते असे आमचे मित्र म्हणतात. माझे म्हणणे असे की आधी मोजायला हवे होते; मोजायला पैसे पडत नव्हते, टायरला पडले. आजोबांचे मत या दोहोंहून वेगळे आहे. ते म्हणतात, लेव्हल खिशात होती आणि दोन वर्षे बॉनेट उघडेच होते.

वरच्या दांड्यांवरची खडूची रेघ पावसाच्या पाण्याने पुसट झाली तेव्हा आमच्या मित्रांनी ती पांढऱ्या रंगाने पक्की करून घेतली. पुढच्या शनिवारी कार्ब्युरेटरखालची पट्टी बसवायची ठरली आहे. वहिनींनी तिची पावती फाइलला लावून ठेवली आहे.